मोबाईलमधली फटाकडी

मामा दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना आ करायला लावायचे आणि संध्याकाळी दवाखान्याला कुलूप घातलं की स्वतः तोंड मिटून दलदलीच्या काठावर बसायचे. शहरातल्या अर्ध्या लोकांच्या दाढा त्यांनी आतून पाहिलेल्या, पण त्यांचा जीव अडकला होता एका पक्ष्यात. त्या पक्ष्याचं नाव फटाकडी. नाव ऐकून लोक आधी हसत आणि मग या माणसाने लग्न का केलं नाही याचं उत्तर सापडल्यासारखे एकमेकांकडे बघत. मामांना त्याचं काही वाटत नसे. "पाणकणसात राहते, पाय लाल आहेत, आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही," ते सांगत. "याहून चांगलं स्थळ मला कुठे मिळालं असतं?"

फटाकडीचा दोष म्हणाल तर एकच, ती दिसत नाही. कोंबडीच्या पिल्लाहून थोडी मोठी, अंगाने मातकट, आणि लाजरी इतकी की उभ्या पाणकणसातून चालत गेली तरी एक पातं हलायचं नाही. तिचा आवाज तेवढा येतो. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवलं की जसा होतो तसा सुरू होतो आणि चढत चढत जातो. मामांना त्या आवाजावरून कोणती जोडी कुठे आहे, कोणाची अंडी उबताहेत, कोणाचं कोणाशी भांडण चाललंय हे सगळं कळायचं. बाकीच्यांना डास चावायचे.

आणि जे दिसत नाही त्याची बाजू कोण घेणार? नगरपालिकेच्या नकाशात ती दलदल 'रिकामी जागा' म्हणून दाखवलेली होती, आणि रिकामी जागा म्हटली की माणसाच्या हातांना खाज सुटते. तिथे भराव टाकून गाड्यांसाठी पार्किंग करायचा बेत शिजत होता. मामा प्रत्येक बैठकीला जात, पोटतिडकीने बोलत, आणि "डॉक्टर, पक्षी दाखवा तरी एकदा" हे वाक्य ऐकून परत येत. त्या दलदलीखेरीज आसपास फटाकडी कुठेच उरली नव्हती. दलदल बुजली की संपलं.

मामांची भाची मोबाईलवरचे खेळ बनवायची. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. आता ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच खुर्चीत बसलेली असायची, नाव तेवढं फिरत राहिलं होतं. टायरच्या दुकानावर तिचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि ऑफिसात एक भागीदार होता, शिडी. उंच आणि किडकिडीत, म्हणून शिडी. चित्रं तो काढायचा, गिऱ्हाइकांशी गोड तो बोलायचा, आणि पंखा अडकला की स्टूल न घेता हात वर करून तोच सोडवायचा. दोघांनी तोवर फळं कापायचे, गाड्या पळवायचे, फुगे फोडायचे असे खेळ केले होते. पोट भरत होतं, पण कोणी विचारलं की काय करता, तर दोघं विषय बदलत.

एकदा भिंगरीची दाढ दुखायला लागली. मामांनी तिला खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा घातला, आणि डॉक्टर लोकांची जी खोड असते ती त्यांनाही होती. समोरच्याला बोलता येत नाही हे बघून ते मोकळेपणाने बोलू लागले. पार्किंगचा ठराव पुढच्या बैठकीत येणार होता. "मी काय करू, सांग तू. मला त्यांना पक्षी दाखवता येत नाही. वीस माणसं नेली तर वीस माणसं चिखल बघून परत येतात. न दिसणाऱ्याचं कोणाला काय पडलंय?" बोलता बोलता त्यांचा हात थांबला. भिंगरीने इतक्या वर्षांत मामांचे डोळे भरून आलेले कधी पाहिले नव्हते, आणि आता पाहिले तर तिला धड 'मामा' म्हणता येत नव्हतं.

चूळ भरल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हे, "मामा, मी दाखवते तुमचा पक्षी."

खेळ असा होता. दलदलीच्या काठावर उभं राहायचं आणि मोबाईल समोर धरायचा. पडद्यावर समोरचीच दलदल दिसणार, तेच पाणकणीस, तेच पाणी. मग कुठूनतरी फटाकडीचा आवाज येणार. आवाजाच्या मागावर हळूहळू सरकायचं. जवळ गेलात तर आवाज मोठा होणार, चुकलात तर बारीक. धावलात किंवा ओरडलात तर फटाकडी गप्प. पण धीर धरलात तर खऱ्या पात्यांच्या मागून शिडीने पीस न् पीस रंगवलेली फटाकडी बाहेर येणार, शेपटी झटकणार, आणि तिच्यामागून काळी काळी पिल्लं. खरं दृश्य आणि काढलेलं चित्र असं एकमेकांत मिसळायचं की शिडीला स्वतःलाच कधी कधी हात पुढे करावासा वाटायचा.

चित्र झालं. आवाज हवा होता, आणि तो मामांकडे होता. फार वर्षांपूर्वी त्यांनी एका मादीचा आवाज टेपवर घेतला होता. तिला ते थोरली म्हणत. तिच्याइतकी खणखणीत फटाकडी नंतर झाली नाही, असं त्यांचं मत. थोरली कधीच मेली होती. मामांनी टेप रुमालात गुंडाळून आणली आणि टेबलावर ठेवली, पण हात लगेच काढला नाही.

"एक सांगतो. हा आवाज दलदलीत मोठ्याने वाजता कामा नये. आपल्या हद्दीत परका आवाज आला की त्यांना बसवत नाही. अंडी सोडून उठतात."

"कानात हेडफोन घातल्याशिवाय खेळ सुरूच होणार नाही, मामा. तशीच सोय केलीये."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की. माझ्यावर सोडा."

आणि मामांनी तिच्यावर सोडलं. माणसं विश्वास टाकतात तो असा, रुमालात गुंडाळून.

भिंगरीने जीव ओतून काम केलं. दलदलीत मोबाईलला रेंज मिळत नाही, मिळाली तर लगेच जाते. म्हणून तिने अख्खा खेळ, आवाजासकट, मोबाईलच्या पोटातच बसवला. एकदा उतरवून घेतला की नेट असो नसो, तो चालणार म्हणजे चालणार. या कारागिरीचा तिला फार अभिमान होता. "कोणाचा बाप आला तरी बंद पडायचा नाही," असं ती शिडीला म्हणाली. शिडीने दाद म्हणून पंख्याला टाळी दिली.

मग ओळखीच्या पोराबाळांना खेळून बघायला बोलावलं. ऑफिसच्या गच्चीवर फटाकड्या सोडल्या. पोरं खेळली, पण चेहरे काही फुलले नाहीत. प्रत्येकजण कानात बोंडं घालून आपापल्या कोपऱ्यात, जसे काही रुसलेच आहेत. शिडी म्हणाला, "घरची चार माणसं मिळून बघणार असतील तर आवाज चौघांना नको का ऐकू यायला? हेडफोनची सक्ती काढ. नुसती सूचना दे सुरुवातीला, की बाबांनो, हेडफोन वापरा."

"मामांना शब्द दिलाय मी."

"अगं, मोबाईलचा आवाज तो केवढा! दलदलीत बेडूक त्याहून मोठ्याने ओरडतात."

भिंगरीने रात्रभर विचार केला असता तर बरं झालं असतं. तिने चहा संपेपर्यंत केला. सक्ती काढली, सूचना घातली. एवढ्यावर थांबली नाही. हुशार माणसाला एकदा मोकळं रान मिळालं की तो आणखी हुशारी करतो. आता आवाज बाहेर येणारच आहे, तर दोन मोबाईल जवळ आले की एकातल्या फटाकडीने दुसरीला साद घालावी आणि तिने उत्तर द्यावं, अशी जुगलबंदी तिने घातली. त्या दिवशी गच्चीवर पोरांनी नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. मामांना सांगायचं तिने दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा खेळ बाजारात आल्यावर सांगू म्हणून पुढे ढकललं.

खेळ आला आणि शहराने डोक्यावर घेतला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. ज्या काठावर मामांशिवाय कोणी फिरकत नव्हतं तिथे आईबाप पोरांना घेऊन येऊ लागले. शाळांच्या सहली आल्या. नव्या लग्नाची जोडपी आली. पार्किंगचा ठराव बैठकीत आला तेव्हा बाहेर इतकी माणसं जमली की तो मांडणाऱ्याने कागद खिशातच ठेवला. नगरपालिकेने दलदल राखीव असल्याचं जाहीर केलं, कडेने लाकडी पायवाट बांधली, आणि बागेच्या खात्यातल्या एक अधिकारी बाई तिथे नेमल्या. मामांनी त्या दिवशी दवाखान्यात येईल त्याचे दात फुकट साफ करून दिले. भिंगरीला मिठी मारून म्हणाले, "तू माझं आयुष्य सार्थकी लावलंस गं." तिने मान खाली घातली. मामांना वाटलं, पोर लाजली.

ते दिवस फटाकड्यांनी घरटी बांधायचे होते, आणि दरवर्षी त्या दिवसांत मामा दलदलीपासून लांबच राहत. त्यात दवाखान्यात गर्दी, दलदल वाचवणारे डॉक्टर म्हणून. खेळ आल्यानंतर संध्याकाळी ते काठावर गेले ते बऱ्याच दिवसांनी. जाताना भाचीला बरोबर घेतलं. "चल, तुझी करामत बघू."

पायवाटेवर माणसंच माणसं होती, पण खेळाने त्यांना शिकवल्याप्रमाणे सगळी चिडीचूप. कोणी पळत नव्हतं, ओरडत नव्हतं. खाऊची कागदं लोक खिशात घालत होते. मामा हरखून बघत राहिले. मग एका लहान मुलीच्या हातातून थोरली बोलली.

मामा दचकले. उजवीकडून एका बापाच्या मोबाईलमधून थोरलीनेच उत्तर दिलं. पुढे बाकावर, पुलाजवळ, वळणावर, जिकडून तिकडून थोरली बोलायला लागली. सगळीकडे इतकी शांतता की आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत जात होता. आणि मधल्या पाणकणसातून खऱ्या फटाकड्या उत्तर देत होत्या, घाबऱ्याघुबऱ्या, चिरक्या, एका जागेवरून नाही तर धावत धावत. इकडून आवाज आला की इकडे, तिकडून आला की तिकडे.

मामांनी भाचीचा दंड धरला.

"मेलेली आहे ती," ते म्हणाले. "मेलेली आहे गं ती."

"मामा, मी..."

"नर तिला शोधायला उठलाय आणि मादी तिला हाकलायला. अंड्यांवर कोण बसलंय? कोणी नाही." त्यांनी पाणकणसाच्या टोकांकडे बोट केलं. तिथे कावळे बसले होते, अगदी निवांत. कावळ्यांना कोणी बोलवावं लागत नाही.

मामा तिच्यावर ओरडले असते तर भिंगरीला सोसलं असतं. ते ओरडले नाहीत. घरी जाताना एवढंच म्हणाले, "हेडफोनचं काय झालं?" आणि तिने खरं ते सांगितलं. पुढे सगळी वाट ते तिच्या अर्धं पाऊल मागे चालत होते. तिला वाटलं थकले असतील. पण मामा कधी थकत नसत, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

भिंगरीने दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल ठेवलं ते बटण दाबायच्या तयारीने. मोबाईलवाल्या लोकांची ही गंमतच असते. जगात बटण नसलेली गोष्टच नाही, असं त्यांना वाटतं. तिने खेळातून आवाज काढला आणि नवी आवृत्ती सोडली. नव्याने खेळ घेणाऱ्यांना फटाकडी मुकी मिळाली. पण ज्यांच्याकडे आधीच होता त्यांनी नवा घेतलाच पाहिजे असं थोडंच आहे? चांगलं चाललेलं कोण बदलतो? काहींनी घेतला आणि लगेच बोंब ठोकली की आवाज गेला, मजा गेली, जुना कसा मिळवायचा. ज्यांच्याकडे जुना होता त्यांनी उदार मनाने तो वाटला. थोरलीचा आवाज कोणीतरी रिंगटोन करून पसरवला. शेवटी भिंगरीने खेळच बाजारातून काढून टाकला आणि त्याचं ऑफिसातून चालणारं सगळं बंद केलं. दलदलीत काही फरक पडला नाही. रेंज नसताना चालावा म्हणूनच तो केला होता, आणि तो चालला. बैल गेला आणि झोपा केला.

"दुसरा काही उपाय नाही?" तिने शिडीला विचारलं.

"तूच केलंयस," तो म्हणाला. "तूच सांग." तो चिडून बोलला नव्हता, आणि हेच जास्त लागलं.

मग ती रोज संध्याकाळी दलदलीवर जाऊ लागली. लोकांना हात जोडून सांगायची, आवाज बंद करा, खऱ्या पक्ष्याला त्रास होतो. तिला वाटलं होतं लोक भांडतील. भांडले असते तर बरं होतं, भांडणाऱ्याशी भांडता येतं. लोक फार चांगले होते. "हो का ताई? माहीतच नव्हतं," म्हणायचे आणि तिच्यादेखत आवाज बंद करायचे. ती दहा पावलं पुढे जाईतो पायवाटेच्या त्या टोकाला नवीन कुटुंब आलेलं असायचं, नवीन आजी, नवीन नातवंडं. एका आईने तर तिलाच समजावलं, "आमची मुलगी आधी पक्षी दिसला की दगड मारायची हो. आता बघा कशी हळू चालते. तुमचे उपकार आहेत." मुलीने मोबाईल वर धरून दाखवला. पडद्यावर फटाकडी पिल्लांना घेऊन चालली होती. भिंगरी त्या पोरीला काय सांगणार? तिने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाजूला जाऊन रडून घेतलं.

अधिकारी बाईंकडे ती मामांना घेऊन गेली. बाई सज्जन होत्या. पंखा त्यांच्याकडे वळवला, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं.

"अंडी उबेपर्यंत तरी दलदल बंद ठेवा," मामा म्हणाले. "एवढाच हंगाम."

"डॉक्टर, मी बंद करते. कुलूप माझ्याकडेच आहे. पण पार्किंगवाले टपून बसलेत. दोन महिने माणूस दिसला नाही की ते विचारणार, लोक येत नाहीत तर ही जागा कोणासाठी ठेवली? मग मी काय सांगू?"

"पक्ष्यांसाठी."

"पक्षी दाखवा म्हणतील," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन खाली बघू लागल्या.

इकडे आड, तिकडे विहीर. माणसं आली तर फटाकडी जाणार, माणसं गेली तर दलदल जाणार. बाईंनी एक पाटी मात्र लावून दिली, 'कृपया मोबाईलचा आवाज करू नये.' तिच्याशेजारी उभं राहून लोक फोटो काढत.

मामांनी बैठकांना जायचं थांबवलं. दवाखान्यात ते पेशंटशी बोलेनासे झाले. तोंडात आरसा घालून गुपचूप काम करायचे, आणि लोक बाहेर येऊन म्हणायचे, डॉक्टरांचं काहीतरी बिनसलंय. भिंगरी रोज डबा घेऊन जायची. ते जेवायचे, 'छान झालंय' म्हणायचे. तिच्यावर त्यांनी राग धरला नाही. एकदा तीच म्हणाली, "मामा, रागवा ना माझ्यावर. दोन थोबाडीत द्या." त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "तू काय वाईट केलंस? तू दाखवते म्हणालीस आणि दाखवलंस. लोक बघताहेत." तिला तो डबा तिथेच टाकून पळून जावंसं वाटलं.

दलदलीतला आवाज कमी कमी होत गेला. म्हणजे खरा आवाज. मामा रोज कान देऊन येत आणि कोणती जोडी गप्प झाली ते सांगत. पुलाजवळची. मग वळणावरची. मोठ्या दगडामागची सर्वांत शेवटी, तिची पिल्लं निघाली होती पण ती कावळ्यांनी नेली. एक दिवस मामा आले आणि काहीच सांगितलं नाही. भिंगरीने विचारलं नाही. काही प्रश्न विचारले नाहीत तरी त्यांचं उत्तर मिळतं.

एकदा पहाटे त्यांनी तिचं दार वाजवलं. अंगात स्वेटर, पायात बूट. "चल."

पायवाटेवर अजून कोणी आलं नव्हतं. ते पायवाट सोडून चिखलातून आत गेले आणि पाणकणसापासून थोड्या अंतरावर एका ओंडक्यावर बसले. बराच वेळ काही नाही. मग आतून नख कंगव्यावरून फिरलं. तो आवाज इतका बारीक होता की भिंगरीला वाटलं भास झाला.

"एक नर उरलाय," मामा कानाशी बोलले. "मला वाटलं होतं सगळे गेले. पहाटे बोलावतो आणि थांबतो. परत बोलावतो, परत थांबतो."

"मादी?"

मामांनी 'नाही' अशी मान हलवली.

नर पुन्हा बोलला. थांबला. त्या थांबण्यात तो काय ऐकत असेल हे भिंगरीला कळलं आणि तिने डोळे मिटले. शेजारी मामांचा श्वास जोरात चालला होता. नर पुन्हा बोलला, या वेळी थोडा जवळून, आणि पुन्हा थांबला.

"तुझ्याकडे आहे ना ती अजून?" मामांनी विचारलं.

तिला आधी कळेना. कळलं तेव्हा तिने खिशातला मोबाईल वरून दाबून धरला. "मामा, नको."

"एकदाच. एवढं बोलावतोय. कोणी ओ देऊ नये?"

"तो फसेल."

"माहितीये गं मला. मला काय माहीत नाही?" ते ओंडक्याच्या कडेपर्यंत सरकले. "पण ऐकवत नाही."

जो माणूस फटाकडीच्या वाटेवर पाऊल टाकताना बूट काढायचा, तो आज लहान मुलासारखा हट्ट करत होता. भिंगरीने त्यांना आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि त्यांना दिलेला शब्द एकदाच मोडला होता, तो असा महागात पडला होता. तिने मोबाईल काढला. खेळ तिने स्वतःच्या मोबाईलमधून काढला नव्हता, तेवढं मन झालं नव्हतं. तिने तो सुरू केला, पुढे वाकून चिखलावर उताणा ठेवला आणि मागे सरली.

थोरली बोलली.

पाणकणसात एकदम काहीतरी थांबलं. मग पाती बाजूला झाली आणि तो बाहेर आला. उघड्यावर, पहाटेच्या धूसर उजेडात, ज्याला लोक आयुष्यभर शोधतात तो पक्षी चिखलातून लाल पाय उचलत सरळ त्यांच्याकडे आला. शिडीने काढला होता त्याहून लहान होता. छातीची पिसं विस्कटलेली होती आणि मान फार बारीक झाली होती. तो मोबाईलपाशी आला. एक फेरी मारली. दुसऱ्या बाजूने आला. चोच लावून बघितली. मग अंग फुलवून, मान लांब करून तो त्या काचेशी इतक्या हळू आवाजात बोलला, की तसं बोलताना मामांनीही त्याला कधी ऐकलं नव्हतं. ते तोंडावर हात दाबून बसले होते.

थोरलीचं बोलून झालं. मोबाईल गप्प झाला. नर वाट बघत उभा राहिला.

"मामा," भिंगरी ओठ न हलवता म्हणाली, "परत लावू?"

मामा नराकडेच बघत होते.

"सांगा ना. लावू, की नको?"

"मला नाही कळत," मामा म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात हलवला तर पक्षी बुजेल म्हणून ते तसेच बसले होते. "मला काहीच कळत नाही गं."

मोबाईलला हात लावायला पुढे जावं तर तो घाबरून पळणार, न लावावा तर तो हलणार नाही. दोघं बसून राहिली. नर पुन्हा एकदा काचेशी बोलला आणि मान तिरकी करून ऐकू लागला. उजाडत आलं. पलीकडे फाटक उघडल्याचा आवाज झाला, लाकडी पायवाटेवर हलकी पावलं आली. सुट्टीचा दिवस होता, कोणीतरी पोरांना घेऊन लवकर आलं होतं. कोणी बोलत नव्हतं, अगदी शहाण्यासारखे हळू चालत होते.

मग तिकडून थोरलीने साद घातली. नराने मान वळवली, आणि तो जीव खाऊन तिकडे धावत सुटला.